चुडा भरलेला हात

आर्मेनियन लोकांचा ‘खाचकार’ आणि दख्खनचा ‘वीरगळ’ ही दोन्ही स्मृतिशिल्पे असून त्यांची नावेही एकाच घडणीची आहेत. ‘खाच’ म्हणजे क्रूस व ‘कार’ म्हणजे दगड, तर वीरगळातील ‘गळ’ हे ‘कल्लु’ या कन्नड शब्दाचे, म्हणजे दगडाचेच, रूप होय. सांगली जिल्ह्याच्या जत तालुक्यातील कन्नडभाषक घरांत तो शब्द आजही नित्याच्या बोलण्यात आहे. 1915 पासून ऑटोमन साम्राज्यात झालेल्या संहारातून वाचलेल्यांच्या वंशजांनी देशोदेशी खाचकार उभारून आपल्या मृतांना ठाव दिला. साताऱ्या-सांगलीकडचे वीरगळ त्याहून कितीतरी जुने असून गुरांच्या रक्षणासाठी किंवा लढाईत पडलेल्या, बहुधा नाव न उरलेल्या माणसांचे आहेत.

वाई तालुक्यात, चंदन-वंदन या जोडकिल्ल्यांच्या परिसरातील किकली गावी भैरवनाथ मंदिराच्या आवारात असे अनेक वीरगळ आहेत. वीरगळ खालून वर वाचायचा असतो: तळाच्या चौकटीत झुंज आणि धारातीर्थी पडलेला वीर, तिच्यावर त्याला स्वर्गाकडे नेणाऱ्या अप्सरा, सर्वांत वर शिवलिंगाची पूजा करणारा तोच वीर, आणि माथ्यावर स्मृतीच्या चिरंतनतेची खूण म्हणून चंद्र-सूर्य. दगड काळा, कठीण बेसाल्ट असल्याने कोरीव काम उथळ असते, आणि लेख तर क्वचितच आढळतो.

या स्मृतिशिळांत मन अडकते ते सती गेलेल्या स्त्रीच्या स्मरणार्थ उभारलेल्या सतीशिळेपाशी. तिच्यावर कोपरात वाकलेला, तळवा उघडा ठेवलेला एक हात असतो. मनगटातील बांगड्या एकेक रेघ मोजता येईल इतक्या निगुतीने कोरलेल्या असतात. चुडा अभंग राहिला, असे तो हात सांगतो. ज्या आगीत तो जळाला ती आग मात्र कारागिराने बहुतेकदा कोरलेली नाही, आणि म्हणूनच या गौरवचिन्हातील यातना अधिक असह्य होते.

नखचिवानमधील जुल्फा येथे हजारो खाचकारांची दफनभूमी होती. तेथील उरलेसुरले दगडही डिसेंबर 2005 मध्ये घणांनी फोडण्यात आले. आपल्याकडील हानी अशी ठरवून होत नाही, पण थांबतही नाही. कुठे वीरगळ पायरीला लागतो, कुठे धुण्याचा दगड होतो, कुठे जीर्णोद्धाराच्या सिमेंटमध्ये अर्धा गाडला जातो. कित्येक गावांत तर गावकरी वीरगळ आणि सतीशिळांना दैवत मानून मनोभावे शेंदूर किंवा ऑइलपेंट लावतात, आणि प्रत्येक थरागणिक त्या बांगड्यांमधल्या बारीक खाचा बुजत जातात.