पाचाच्या घरातले आकडे

(लेखांक ६)

गेल्या आठवड्यात ब्राउझरची विनंती सर्व्हरच्या दारात पोहोचली आणि आपण थांबलो. आज सर्व्हरच्या उत्तराकडे वळू. त्याच्या पहिल्याच ओळीत तीन अंकी आकडा असतो. १९९१ मधल्या सुरुवातीच्या एचटीटीपीत हे आकडेच नव्हते. काही चुकलं तर माणसाने वाचायचा मजकूर तेवढा यायचा. १९९६ च्या १.० आवृत्तीच्या दस्तऐवजात आकडे नोंदले गेले, आणि चूक कुठे झाली हे यंत्रालाही कळू लागलं.

पहिला अंक बघायचा. दोन म्हणजे काम झालं. तीन म्हणजे अजून एक पाऊल बाकी, बहुधा दुसऱ्या पत्त्यावर. चार म्हणजे सर्व्हरच्या मते विनंतीत खोट आहे. ४०४ सगळ्यांच्याच ओळखीचा. त्याचा भाऊ ४१० सांगतो की पान मुद्दाम, बहुधा कायमचं काढलंय. आणि पाच म्हणजे विनंती ठीक दिसते, पण सर्व्हरलाच जमलं नाही.

आज मला या पाचाच्या घरातच रेंगाळायचं आहे. दहावी-बारावीच्या निकालाला घरोघरी जो आकडा दिसतो, तो बहुधा इथलाच असतो.

मोठ्या संकेतस्थळाच्या दारात एक सर्व्हर उभा असतो, बरेचदा एन्जिनएक्स. खरं काम आतला दुसरा सर्व्हर करतो. आतल्याच्या प्रोग्रॅममध्येच बिघाड झाला तर ५००. आतल्याने जोडणीच नाकारली किंवा भलतंच काही उत्तर दिलं, तर दारातला सांगतो ५०२. गर्दी झाली किंवा दुरुस्ती चालू असली तर ५०३: आत्ता जमणार नाही, नंतर या. त्याच्यासोबत किती सेकंदांनी यायचं हेही कळवता येतं. निकालाच्या दिवशी ही सोय सर्वांनी वापरायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

५०४ मात्र वेगळा. आतल्याने विनंती घेतली, पण मुदतीत उत्तर दिलं नाही. एन्जिनएक्सची ही मुदत, कुणी बदलली नसेल तर, ६० सेकंदांची असते. भाचीचा परीक्षा अर्ज भरताना मी एफ१२ दाबून नेटवर्कचा टॅब उघडून बसलो होतो. 'शुल्क भरा' दाबलं, चक्र फिरत राहिलं, आणि बरोबर एका मिनिटाने ५०४ आला. तिचं बोट लगेच रिफ्रेशकडे गेलं. मी हात धरला. पाच मिनिटांनी बँकेचा एसएमएस आला: पैसे गेले होते.

कारण ५०४ म्हणजे काम झालं नाही, असं नव्हे. दारातला वाट पाहून कंटाळला, एवढाच त्याचा अर्थ. आतलं काम चालूच असू शकतं, झालेलंही असू शकतं. तेव्हा पुन्हा बटण दाबलं की दुसरी विनंती आत जाते. पैसे दोनदा कापले जाण्याची भीती तिथेच असते.

म्हणून पैसे भरताना ५०४ दिसला, तर पान तसंच ठेवा. आधी बँकेच्या खात्यात नोंद बघा, मग संकेतस्थळावर नव्याने लॉगिन करून अर्जाची स्थिती तपासा. दोन्हीकडे काहीच नसेल, तरच पुन्हा पैसे भरा.