रेडिओसंचाचा वीजपुरवठा: खरखर नेमकी कोठून येते?

मुंबईच्या उपनगरांत हौशी रेडिओ केंद्र चालवणाऱ्यांना, म्हणजेच हॅमना, ७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर अखंड खरखर ऐकू आली की दोष बहुधा लोकलला दिला जातो. उपनगरी मार्गांवरील १५०० व्होल्ट डीसी प्रवाहाची जागा २०१६ पर्यंत २५ हजार व्होल्ट एसी प्रवाहाने घेतली असून पेंटोग्राफ आणि तार यांच्यामधील ठिणग्यांमुळे रेडिओगोंगाट होतो, हे खरेच आहे. परंतु तो गाडीबरोबर येतो आणि गाडीबरोबर ओसरतो. मध्यरात्रीनंतर लोकल बंद असतानाही तसाच टिकणारा गोंगाट घरातला किंवा शेजारचा असण्याचीच शक्यता अधिक. रेडिओ बॅटरीवर चालवून घराचा मुख्य स्विच बंद केला की या प्रश्नाचे अर्धे उत्तर मिळते.

दुसरा समज असा की ट्रान्सफॉर्मरचा जड, लिनिअर पुरवठा शांत आणि एसएमपीएस, म्हणजे स्विच-मोड पुरवठा, गोंगाटी. लिनिअर पुरवठ्यात वेगाने उघडझाप करणारा स्विच नसतो, म्हणून त्याची ख्याती अकारण नाही. तथापि १०० हर्ट्झची गुणगुण आणि डायोडांच्या उघडझापीतून येणारा कर्कश आवाज त्यातही असू शकतो. शिवाय १३.८ व्होल्टला २० अँपिअर देताना आतील दाब २० व्होल्ट असेल, तर सुमारे १२० वॅट नुसती उष्णता होऊन जातात, ज्याची झळ लहान फ्लॅटमधील बंद खोलीत चांगलीच जाणवते.

एसएमपीएसचा खरा प्रश्न त्याच्या वारंवारतेचा आहे. अनेक ॲडॉप्टरांमधील स्विच ६५ किलोहर्ट्झच्या आसपास चालतो, कारण गोंगाटमापनाच्या प्रचलित मर्यादा १५० किलोहर्ट्झपासून लागू होतात आणि दुसरी गुणित वारंवारता १३० वर, म्हणजे त्या मर्यादेच्या खालीच राहते. मात्र १०८, १०९ आणि ११० वी गुणिते अनुक्रमे ७.०२०, ७.०८५ आणि ७.१५० मेगाहर्ट्झवर, म्हणजे ऐन हॅम पट्ट्यात पडतात. भार आणि तापमान बदलताच ती सरकतात, म्हणून डायल फिरवताना ठरावीक अंतराने भेटणारे हे ओबडधोबड उंचवटे एसएमपीएसची जवळजवळ सहीच म्हणता येतील.

तांत्रिक पत्रकावर ‘रिपल’ अमुक मिलिव्होल्ट असे छापलेले असते आणि त्यावर विसंबून खरेदी होते. हा आकडा धन आणि ऋण तारांमधील फरकाचा असतो; दोन्ही तारांवर एकाच दिशेने धावणारा प्रवाह, ज्याला कॉमन मोड म्हणतात, त्यात धरलेला नसतो. रेडिओला नेमका हाच प्रवाह नडतो, कारण तो तारेलाच अँटेना बनवतो. बीआयएसच्या नोंदणीविषयीही असाच गोंधळ आहे: ॲडॉप्टरवरील ती खूण विद्युत सुरक्षिततेची असून शांततेची हमी देत नाही.

अर्थिंग केले की सारे मिटेल, हा समज तर उंच इमारतींत उलटा पडतो. ७ मेगाहर्ट्झला तरंगलांबी सुमारे ४३ मीटर असते. म्हणून तिसऱ्या-चौथ्या मजल्यावरून जमिनीपर्यंत गेलेली १०-११ मीटर तार पाव तरंगाएवढी भरते आणि वरच्या टोकाला गोंगाटाच्या प्रवाहापुढे मोठा रोध उभा करते. त्यापेक्षा पुरवठ्याच्या आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या तारा योग्य फेराइट वलयावर सात-आठ वेढे गुंडाळणे फलदायी ठरते, कारण रोध ढोबळमानाने वेढ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. एकदाच तार ओवलेला फेराइट फारसे काही साधत नाही.

लॅमिंग्टन रोडवर एलईडी पट्ट्यांसाठी किंवा सीसीटीव्हीसाठी मिळणारे जाळीदार डब्यातील पुरवठे स्वस्त असतात आणि त्यांत फिल्टरचे काही भाग गाळलेले असू शकतात, म्हणून परत करण्याची सोय असेल तरच ते घ्यावेत. चाचणी घेताना अँटेना जोडलेली असावी आणि रेडिओ ऐकण्याच्या स्थितीत ठेवावा. त्या वेळी तो जेमतेम एक-दोन अँपिअर घेतो. इतक्या हलक्या भारावर काही एसएमपीएस थांबून-थांबून स्पंद सोडतात आणि पूर्ण भारावर शांत वाटलेला पुरवठा तेव्हाच सर्वांत त्रासदायक ठरतो.