परसबागेतील टोमॅटो : बियापासून फळापर्यंत

टोमॅटो हे मूळचे दक्षिण अमेरिकेतील पीक होय. आज मात्र महाराष्ट्रात हे फळ ज्या घरी शिजत नाही असे घर विरळा. विदर्भात त्यास भेदरे म्हणतात. डाळ, रस्सा, कोशिंबीर, चटणी अशा अनेक प्रकारांनी ते रोजच्या जेवणात येते. तथापि ज्या कुटुंबास भाजी विकत घ्यावी लागते, त्याच्या ताटातून भाव वाढताच प्रथम टोमॅटोच नाहीसा होतो. २०२३ च्या जुलै-ऑगस्टमध्ये किरकोळ बाजारात टोमॅटोचा भाव किलोस शंभर रुपयांच्या वर गेला होता. पुढे सप्टेंबरात तो इतका कोसळला की, काही शेतकऱ्यांनी आपला माल रस्त्यावर ओतून दिला. परसात वीस झाडे असलेल्या घरास या चढउताराची झळ हंगामापुरती तरी लागत नाही.

दुसरे कारण आरोग्याचे आहे. टोमॅटोत ‘क’ जीवनसत्त्व असते. भाकरी, डाळी व पालेभाज्या यांतील लोह शरीरात शोषले जाण्यास त्याची मदत होते. रक्तक्षयाने पीडित अशा स्त्रिया व मुले ज्या घरी आहेत, तेथे जेवणाबरोबर कच्च्या टोमॅटोची कोशिंबीर अवश्य असावी.

जागा व हंगाम

पाच माणसांच्या कुटुंबास २० झाडे पुरेशी होतात व त्यांस सुमारे सहा चौरस मीटर जागा लागते. जागा दिवसातून निदान सहा तास उन्हाची व पाण्याचा निचरा होणारी असावी. आदल्या हंगामात वांगी, मिरची किंवा बटाटे घेतलेल्या जागी टोमॅटो लावू नये. ही सर्व एकाच कुळातील पिके असल्यामुळे त्यांचे रोग जमिनीत राहून नव्या पिकास लागतात.

टोमॅटो वर्षातून तीनही हंगामांत घेता येतो. परंतु नवशिक्याने सप्टेंबरमध्ये बी पेरून ऑक्टोबरमध्ये रोपे लावावीत. पावसाळ्यात करपा बळावतो, तर कडक उन्हाळ्यात फुले गळतात व फळास लाल रंग नीट चढत नाही.

बियाणे व रोपे

राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठाच्या धनश्री व भाग्यश्री या जाती परसबागेस योग्य आहेत. या सुधारित जातींचे बी घरी धरता येते. संकरित जातींचे बी मात्र दरवर्षी नवे घ्यावे लागते. कारण त्यांच्या फळांतील बियांपासून येणारी झाडे मूळ जातीसारखी निपजत नाहीत.

रोपांकरिता जमिनीपासून १५ सें.मी. उंच असा लहान गादीवाफा करावा व त्यात चाळलेले कुजके शेणखत मिसळावे. १० सें.मी. अंतरावर रेघा ओढून बी एक सें.मी. खोल, विरळ पेरावे व झारीने पाणी द्यावे. पाच ते आठ दिवसांत उगवण होते. बी दाट पडले किंवा वाफा सतत ओला राहिला, तर कोवळी रोपे बुडाशी कुजून कोलमडतात. वाफ्यावर पातळ कापड किंवा बारीक जाळी ताणावी, म्हणजे पर्णगुच्छ रोग पसरविणारी पांढरी माशी रोपांपर्यंत पोचत नाही.

लावणी व निगा

रोपे २५ ते ३० दिवसांची, १२ ते १५ सें.मी. उंच झाली की लावणी करावी. ६० × ४५ सें.मी. अंतरावर खड्डे घेऊन प्रत्येकात अर्धे घमेले चांगले कुजलेले शेणखत व मूठभर निंबोळी पेंड घालावी. लावणी सायंकाळी करून लगेच पाणी द्यावे. नत्रयुक्त खत वाजवीपेक्षा जास्त दिल्यास झाड नुसते पाल्याने माजते व फळे कमी धरते.

झाड हातभर वाढले की बांबूचा किंवा तुराटीचा आधार देऊन सुतळीने सैल बांधावे. फळे मातीस टेकली की सडतात.

हिवाळ्यात सहा ते आठ दिवसांनी, तर उन्हाळ्यात तीन ते चार दिवसांनी पाणी द्यावे. बरेच दिवस ताण देऊन एकदम भरपूर पाणी दिल्यास फळे तडकतात. फळाचा तळ काळा पडण्यासही पाण्याची अनियमितता बरीचशी कारणीभूत असते. कारण त्यामुळे फळास चुना मिळत नाही. न्हाणीचे पाणी बुडाशी दिल्यास चालते. कपडे धुण्याच्या सोड्याचे पाणी मात्र देऊ नये.

रोग व किडी

फळे पोखरणारी अळी ही प्रमुख कीड होय. बागेच्या कडेने झेंडू लावावा. अळीचा पतंग त्यावर अंडी घालतो व टोमॅटोवरील उपद्रव कमी होतो. पानांत नागमोडी पोखरण करणारी टुटा ही परदेशी कीड २०१४ मध्ये पुण्याच्या परिसरात प्रथम आढळली. तिने ग्रासलेली पाने व फळे तोडून नष्ट करावीत. ५० ग्रॅम निंबोळी कुटून रात्रभर पाण्यात भिजवावी, गाळून एक लिटर द्रावण करावे व ते सायंकाळी फवारावे. पाने आखडून झाड खुजे राहिल्यास ते पर्णगुच्छाचे लक्षण समजून झाड त्वरित उपटावे. त्यावर औषध नाही.

तंबाखू मळणाऱ्याने किंवा विडी ओढणाऱ्याने साबणाने हात धुतल्यावाचून रोपांस स्पर्श करू नये. तंबाखूतील विषाणू हातावाटे टोमॅटोस लागतो.

काढणी व बी धरणे

लावणीनंतर ६० ते ७० दिवसांत तोडणी सुरू होते. घरच्या वापरासाठी फळे झाडावरच लाल होऊ द्यावीत. झाडामागे दीड ते दोन किलो फळे मिळाली, तरी वीस झाडांपासून ३० ते ४० किलो टोमॅटो घरात येतात.

बियांकरिता सर्वांत निरोगी झाड आधीच हेरून त्यास खूण करावी व त्यावरील पूर्ण पिकलेली फळे घ्यावीत. गर काचेच्या भांड्यात एक ते दोन दिवस आंबू द्यावा. त्यामुळे बियांवरील बुळबुळीत आवरण सुटते. नंतर पाण्याने धुवून तरंगणारे पोचट बी टाकून द्यावे. तळाचे बी सावलीत सुकवून घट्ट झाकणाच्या बाटलीत कोरड्या जागी ठेवावे. असे बी तीन वर्षे सहज टिकते.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी शाळेच्या किंवा अंगणवाडीच्या आवारात एक वाफा रोपे तयार करून गरजू घरांस वाटावीत. प्रत्येक घराने आपल्या गरजेपेक्षा पाच रोपे अधिक वाढवून शेजारी द्यावीत. असे झाले, तर एकदोन हंगामांत गावातील बहुतेक परसांत टोमॅटो दिसू लागेल व बियाण्यासाठीही कोणास बाजार गाठावा लागणार नाही.