न उघडता वाचलेले पत्र

टेंभी नाक्यापासून जवळच ठाण्याचा किल्ला आहे. आज तिथे मध्यवर्ती कारागृह आहे. १७८७ मध्ये इथे पायासाठी खोदकाम सुरू असताना ताम्रपट सापडले. शिलाहार राजा अरिकेसरीने शके ९३९, म्हणजे इ. स. १०१७ मध्ये दिलेले ते दानपत्र होते. तांब्यावरची अक्षरे मातीतही टिकली. कागदाचे तसे नसते. चिकटलेली घडी जोर लावून उघडली, की कागदाबरोबर मजकूरही जातो.

मग आतले वाचायचे कसे? त्यासाठी वैद्यकातलेच तंत्र उपयोगी पडले. पोट न फाडता आतले अवयव दाखवणारा सीटी स्कॅन आता सर्वांच्या परिचयाचा आहे. नेदरलँड्समधील द हेग शहरातल्या एका जुन्या पोस्टमास्तरच्या पेटीत शेकडो पत्रे बंदच राहिली होती. त्यांपैकी ३१ जुलै १६९७ चे एक पत्र दातांच्या संशोधनासाठी बनवलेल्या सूक्ष्म सीटी स्कॅनरमध्ये ठेवले गेले. हाडांतले कॅल्शियम क्ष-किरण अडवते, तसेच शाईतल्या लोहाने ते अडवले आणि अक्षरे उजळ दिसली. संगणकाने घड्या उलगडल्या. २०२१ मध्ये मजकूर जगापुढे आला. एका गृहस्थाने आपल्या भावाकडे नातेवाइकाच्या मृत्यूचा दाखला मागितला होता.

आपल्याकडच्या पोथ्या आणि मोडी कागदांना ही युक्ती सहज लागू पडत नाही. त्यांची शाई बहुधा काजळीची, म्हणजे कार्बनची. क्ष-किरणांना ती आणि कागद जवळपास सारखेच दिसतात. अवरक्त प्रकाश मात्र काजळी शोषून घेते. पोथीत चुकलेली अक्षरे पिवळ्या हरताळाने झाकत; ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार त्यावरूनच आला. अवरक्त प्रकाशात हरताळाखालची ही अक्षरेही दिसू शकतात.

हरताळ हे आर्सेनिक आणि गंधकाचे विषारी संयुग आहे. त्यामुळे बोट जिभेला लावून पोथीची पाने उलटू नयेत. जुने दप्तर सोडताना हातमोजे आणि मास्क वापरावा, नंतर हात साबणाने धुवावेत. कागदांवरच्या बुरशीने दमा बळावतो. दम्याच्या रुग्णांनी हे काम दुसऱ्यावर सोपवावे. चिकटलेल्या घडीला पाणी लावू नये, इस्त्री फिरवू नये. ती आहे तशीच जाणकाराला दाखवावी.