दूरस्थ ऑब्जेक्टांचा कारभार

माहिती आणि तिच्यावर करावयाच्या क्रिया एकत्र बांधून जो घटक सिद्ध होतो, त्याला प्रोग्रामर ऑब्जेक्ट म्हणतात. निरनिराळ्या संगणकांवरील अशा ऑब्जेक्टांना परस्परांशी व्यवहार करता यावा ह्या हेतूने १९८९ साली अमेरिकेत स्थापन झालेल्या ऑब्जेक्ट मॅनेजमेंट ग्रुपने १९९१ मध्ये कॉर्बा हे मानक प्रसिद्ध केले, आणि समोरचा ऑब्जेक्ट शेजारी आहे की समुद्रापार, ह्याची विचारणाऱ्याला दखलही घ्यावी लागू नये, हे त्यातील एक आकर्षक तत्त्व होते. १९९४ साली सन मायक्रोसिस्टिम्सच्या प्रयोगशाळेतील जिम वाल्डो व त्यांचे तीन सहकारी ह्यांनी नेमक्या ह्याच तत्त्वावर हरकत घेतली, आणि ती मला आजही पूर्णतः रास्त वाटते.

अंतराचाच विचार करा. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो; मुंबई ते न्यूयॉर्क हे अंतर सरळ रेषेत धरले तरी साडेबारा हजार किलोमीटर भरते, म्हणजे प्रश्न जाऊन उत्तर परत येण्यास सेकंदाचा अष्टमांश तरी लागणारच. खातेदाराचे नाव, पत्ता, शिल्लक अशा आठ बाबी एकामागून एक विचारल्या, तर सबंध सेकंद गेला. म्हणून ज्यांचे आपसांत सतत दळणवळण चालते ते ऑब्जेक्ट एकाच यंत्रावर ठेवावेत, आणि सीमेपलीकडे मागावयाचे ते सर्व तपशिलासह एकाच खेपेत मागावे.

विलंब निदान मोजता तरी येतो. अंशतः होणारा बिघाड अधिक घातक. खात्यातून ५०० रुपये वजा करण्याचा हुकूम गेला आणि उत्तर आलेच नाही, तर हुकूम पोचला नाही, की अंमल होऊन उत्तर वाटेत गहाळ झाले, हे कळण्यास मार्ग नसतो. पुन्हा पाठवावा तर रक्कम दोनदा वजा होण्याची भीती. प्रत्येक हुकुमाला स्वतंत्र क्रमांक देऊन पलीकडे त्याची नोंद ठेवणे, ही तजवीज आराखड्यातच हवी. वाल्डो ह्यांच्या सहलेखिका अ‍ॅन वोलरॅथ ह्यांनी रचलेल्या आणि १९९७ मध्ये जावा भाषेत दाखल झालेल्या आरएमआय ह्या दूरस्थ क्रियांच्या यंत्रणेने तर दूरस्थ क्रिया फसू शकते अशी घोषणा प्रत्येक ठिकाणी सक्तीची केली.

उत्तराची वाट पाहत थांबणे प्रत्येक कामाला आवश्यक नसते. खिडकीपाशी उभ्या खातेदाराला शिल्लक सांगावयाची असेल, तर उत्तर येईतो थांबणाऱ्या थेट कॉलला पर्याय नाही. महिनाअखेरच्या खातेउताऱ्यांचे काम मात्र मेसेज क्यूकडे, म्हणजे निरोप साठवून ठेवणाऱ्या रांगेकडे, सोपवावे, कारण पलीकडचा सर्व्हर रात्रभर बंद राहिला तरी ते काम रांगेत सुरक्षित पडून राहते.