चरबीची गोळी केव्हा घ्यावी?

वाशीच्या भाजी बाजाराला रात्र ठाऊक नाही. सारे गाव झोपते, तेव्हा तेथे भाजीच्या गाड्या येतात. माथाडी भाऊ पाठीवर पोती घेतात. सकाळी घरी येऊन झोपतात.

आमच्या माहितीचे एक गृहस्थ या बाजारात काम करतात. मूळ गाव सातारा जिल्ह्यात. वय पन्नाशीच्या पुढे. रक्तात चरबी वाढली म्हणून डॉक्टरांनी त्यांना गोळी दिली. सांगितले, "रोज रात्री झोपताना घ्या." आता हे गृहस्थ रात्री झोपतच नाहीत! मग रात्रपाळी असली की ते गोळी घेत नसत. त्यांना वाटे, भलत्या वेळी घेतली तर अपाय व्हायचा. तीन महिन्यांनी रक्त तपासले. चरबी होती तितकीच. पैसे गेले, दिवस गेले, गुण नाही. मग त्यांनी डॉक्टरांना सारे सांगितले. डॉक्टर म्हणाले, "अहो, ही गोळी दिवसा घेतली तरी चालते!"

असे का? ते आता पाहू या.

या चरबीला कोलेस्टेरॉल म्हणतात. ती मेणासारखी असते. शरीराला ती थोडी लागतेच. पण फार झाली की रक्तवाहिन्यांच्या भिंतींत साठते. पाटात गाळ साचला की पाणी अडते, तसे रक्त अडते. हृदयाकडे जाणारे रक्त अडले तर झटका येतो. मेंदूकडे जाणारे अडले तर अंगावरून वारे जाते.

पुष्कळांना वाटते, ही चरबी फक्त खाण्यातून येते. तसे नाही. बरीचशी आपल्या शरीरातच तयार होते. यकृत म्हणजे काळीज, ते हे काम मोठ्या प्रमाणात करते. आणि हे काम रात्री जास्त जोरात चालते. गोळी हे काम मंद करते. म्हणून पहिल्यापासून सांगत आले, गोळी रात्री घ्या.

या गोळीचा शोध जपानात लागला. अकिरा एंडो या शास्त्रज्ञांनी हजारो बुरशी तपासल्या. १९७३ साली एका बुरशीत त्यांना चरबी कमी करणारा पदार्थ सापडला. पुढे तशाच जातीचे पहिले औषध १९८७ साली अमेरिकेत विक्रीला आले.

या जातीच्या गोळ्या आज अनेक आहेत. सिम्व्हास्टॅटिन नावाच्या गोळीचा जोर काही तासांत ओसरतो. म्हणून ती संध्याकाळी किंवा रात्रीच घ्यावी. ॲटोरव्हास्टॅटिन आणि रोसुव्हास्टॅटिन या गोळ्यांचा असर दिवसरात्र टिकतो. त्या सकाळी, दुपारी, रात्री, केव्हाही चालतात. जेवणाआधी घ्या की जेवणानंतर, फरक पडत नाही. मात्र वेळ रोज एकच ठेवावी.

तेव्हा आपली गोळी कोणती, हे आधी पाहावे. पाकिटावर कंपनीने दिलेले नाव असते, आणि औषधाचे खरे नावही असते. ते बहुधा इंग्रजीत असते. मुलाकडून किंवा दुकानदाराकडून वाचून घ्या. मग आपल्या वहीत मराठीत लिहून ठेवा. तुम्ही लिहायला शिकलात ते अशाच कामासाठी.

ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखान्यांत पाळी बदलते. तेथील कामगारांनी डॉक्टरांना पाळीची गोष्ट जरूर सांगावी. "मला झोपताना जमत नाही" असे म्हणायला लाजू नये. डॉक्टर सोयीची वेळ ठरवून देतील, नाहीतर गोळी बदलून देतील. वेळ कशाशी तरी जोडावी. कोणी सकाळच्या चहाशी जोडावी, कोणी डबा खाण्याशी.

एक अडचण आणखी आहे. चरबी वाढली तरी काही दुखत नाही. गोळी चुकली तरी काही दुखत नाही. म्हणून माणूस म्हणतो, "बरे आहे की, कशाला घ्यायची?" आणि बंद करतो. काही आठवड्यांत चरबी पुन्हा वाढते. आपल्याला कळतही नाही.

ध्यानात ठेवा :

१. गोळी आपल्या मनाने बंद करू नका, वेळही आपल्या मनाने बदलू नका.

२. एक दिवस विसरलात तर दुसऱ्या दिवशी दोन गोळ्या एकदम घेऊ नका.

३. रोसुव्हास्टॅटिन घेत असाल, तर पित्ताचे पातळ औषध त्यानंतर दोन तासांनी घ्या.

४. कारण नसताना स्नायू फार दुखू लागले, लघवी गडद झाली किंवा डोळे पिवळे दिसले, तर लगेच डॉक्टरांकडे जा.

५. बाईला दिवस गेले असतील किंवा मूल अंगावर पीत असेल, तर ते डॉक्टरांना आधीच सांगा.

आमचे ते माथाडी गृहस्थ आता बाजारातून घरी आले की आंघोळ करतात, चहा घेतात आणि चहाबरोबर गोळी घेतात. वहीत तारखेपुढे खूण करतात. पुढच्या तपासणीला त्यांची चरबी उतरली होती.