झालं गेलं खरंच गंगेला मिळतं का?

डोणगावच्या आसपास, बुलढाणा जिल्ह्यातल्या मेहकर तालुक्याच्या कोरडवाहू पट्ट्यात, एखादा हंगाम बुडाला की धीर देणारी माणसं म्हणतात, झालं गेलं गंगेला मिळालं, आता विसर. त्यामागची माया खरी असते. पण मनावर घेतलं की भूतकाळ पुसता येतो, आणि ज्याला ते जमत नाही तो कच्च्या मनाचा, हा त्यात दडलेला समज चुकीचा आहे. काढणीला आलेलं सोयाबीन पावसात भिजल्यावर घरातला कर्ता माणूस गप्प होतो, तेव्हा हा समज त्याला आणखी एकटं पाडतो. नुकसानीच्या दुःखात, आपल्याला विसरताही येत नाही, ही लाज मिसळते.

1987 साली डॅनियल वेग्नर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने काही विद्यार्थ्यांना सांगितलं की पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आलाच तर घंटी वाजवा. घंटी वाजत राहिली. नंतर अस्वलाचा विचार करायला सांगितल्यावर तर, पहिल्यापासूनच तसं सांगितलेल्यांपेक्षा यांच्याच मनात अस्वल जास्त वेळा आलं. दाबलेला विचार जात नाही, ही मनाची नेहमीचीच रीत आहे. त्यात कुणाचा दुबळेपणा नाही.

मग तेच उगाळत बसावं का? तेही नाही. 1989 च्या ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्नियात मोठा भूकंप झाला. त्याच्या काही दिवस आधीच मानसशास्त्रज्ञ सुझन नोलेन-होक्सेमा यांनी विद्यार्थ्यांच्या स्वभावाची माहिती नोंदवून ठेवली होती. दुःख मनात घोळवत राहण्याची सवय ज्यांना आधीपासून होती, त्यांच्यात भूकंपानंतर नैराश्याची लक्षणं अधिक दिसली. हा फरक आपल्या शिवारातही ओळखता येतो. ‘पेरणी आठ दिवस थांबवली असती तर’ या प्रश्नाला उत्तर नाही, म्हणून तो रोज रात्री परत येतो. ‘यंदा किती ओल झाल्यावर पेरायचं’ हा प्रश्नही गेल्या वर्षातूनच येतो, पण निर्णयापाशी थांबतो. भूतकाळ सोडणं म्हणजे आठवण तशीच ठेवून पहिल्या प्रश्नाकडून दुसऱ्याकडे वळणं. हे वळण शिकवता येतं. 2000 साली मानसशास्त्रज्ञ जॉन टीझडेल आणि सहकाऱ्यांनी, नैराश्य तीन किंवा अधिक वेळा येऊन गेलेल्या लोकांना, मनात आलेला विचार न ढकलता ‘हा विचार आहे’ एवढंच ओळखण्याचा, ध्यानावर आधारलेला सराव दिला. नेहमीच्या उपचारांवर असलेल्यांपैकी 66 टक्के लोकांना पुन्हा नैराश्य आलं. सराव केलेल्यांपैकी 37 टक्क्यांना. दोनच वेळा आजारी पडलेल्यांना मात्र असा फायदा दिसला नाही, हेही सांगायला हवं, कारण ध्यान म्हणजे रामबाण हासुद्धा गैरसमजच आहे.

यावर सगळ्यात वजनदार आक्षेप शेतकऱ्याचाच असेल: सातबाऱ्यावर बोजा असताना कसला भूतकाळ सोडायचा उपदेश करता? आक्षेप रास्त आहे. थकलेलं कर्ज हा भूतकाळ नव्हेच. त्याचं व्याज आज चढतं आणि त्यामुळे यंदाचं पीककर्ज आज अडतं. त्यावर उपाय बँकेत, पीकविम्यात आणि सरकारी धोरणात शोधायचा. त्याला मनाचा आजार म्हणणं अन्यायाचं आहे. पण त्याच कर्जाभोवती ‘मी घर बुडवलं’ असा जो निवाडा माणूस स्वतःविरुद्ध देतो, तो बँकेच्या कागदावर कुठेच नसतो. कर्जमाफी झाली तरी तो आपोआप पुसला जाईल असं नाही, आणि नुसत्या समुपदेशनाने हप्ता फिटत नाही. दोन्ही कामं वेगळी आहेत आणि दोन्ही करावी लागतात.

राज्य सरकारने 2015 मध्ये बुलढाण्यासह 14 जिल्ह्यांत शेतकऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी प्रेरणा प्रकल्प सुरू केला, तो यातल्या दुसऱ्या कामासाठी. 2022 पासून देशभर टेलिमानसची सेवाही आहे: 14416 या क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही, मोफत आणि मराठीत बोलता येतं. फोन घरच्यांनी लावला तरी चालतो. गप्प झालेल्या माणसाच्या बाबतीत बहुतेक वेळा त्यांनाच तो लावावा लागेल.